हजर असल्याचा मेसेज

सराव परीक्षा दुपारी होती आणि सर्व्हर सकाळपासूनच धापा टाकत होता. लॉगिनचं पान उघडेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही झाला असता. आमच्या क्लासचे मालक गुरुपादप्पा सर माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. भूकंपानंतर लातुरात त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायला सुरुवात केली. आता चार मजले आणि दोन होस्टेलं आहेत, पण नवा सर्व्हर घ्या म्हटलं की त्यांना नेमकी ती शेड आठवते.

"उजमा, नको ते सगळं बंद कर. पोरं वर येऊन बसून राहिली."

"तेच करून राहिले सर. तुम्ही मागं उभं राहू नका, भलतंच काही बंद होईल."

लिनक्सच्या सर्व्हरवर पडद्यामागे कितीतरी कामं आपोआप चालू असतात, त्यांना सर्व्हिस म्हणतात. मशीन सुरू झालं की तीही सुरू होतात, आणि तू इथं कशाला बाबा, असं कुणी विचारत नाही. माझ्या आधी हा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसानं तर सगळंच चालू ठेवलं होतं. प्रिंटरची सर्व्हिस चालू, प्रिंटरचा पत्ता नाही. ब्लूटूथ चालू. मेल पाठवणारी एक, जिनं आजवर एकही मेल पाठवली नव्हती. लग्न उरकलं तरी मांडवात बसून राहिलेले पाहुणे नुसते! एकेकाला उठवलं. डेटाबेस, परीक्षेचं पान आणि घड्याळ जुळवणारी सर्व्हिस तेवढी ठेवली. तरी मेमरी भरलेलीच. खाणारी सापडली ती 'हजेरी' नावाची सर्व्हिस.

"हिला थांबवते," मी म्हटलं.

"तिला हात लावू नको!" सर ओरडलेच. "रोज सांजच्याला मायबापाला मेसेज जातो, लेकरू हजर हाय म्हणून. तो न्हाई गेला तर उद्या दारात जीपा भरून माणसं येतील."

काय करते ते माहीत नसताना एखादी गोष्ट चालू ठेवणं मला जमत नाही. मी तिची फाईल उघडली. वाचली, पुन्हा वाचली. बोटाचा ठसा लागला की मेसेज जायचा, 'हजर'. ठसा नाही लागला तरी मेसेज जायचा, 'हजर'.

"सर, हे काय आहे?"

सर स्टुलावर टेकले. "कापूस येचणाऱ्या घरची लेकरं. बोटं घासलेली, मशीनला ठसाच घावंना. पोरगी वर्गात बसलेली अन् बापाला मेसेज गैरहजर. किनवटाकडून एक बाई रडत आली होती बघ. मंग म्या सांगितलं, ठसा नसला तरी हजर धरा. खरंच कुणी नसंल तर वॉर्डन सांगंल की."

मला राग आला आणि त्यांची दयाही आली. मी तिथूनच मुलींच्या वॉर्डन सरजाबाईंना फोन लावला आणि विचारलं, कुणी कमी आहे का.

"राजकन्या दिसंना बाई परवापासून. लई रडून राहिली होती. पर घरून कुणाचा फोन न्हाई, बोंब न्हाई. म्या समजले, सांगून गेली असंल घरी."

घरून फोन कसा येईल? घरी तर रोज 'हजर' जात होतं.

"पयले परीक्षा होऊ दे," सर पुटपुटले.

"पोरगी हरवली आहे सर! परीक्षा गेली खड्ड्यात." मी 'हजेरी' थांबवली आणि राजकन्याच्या घरचा नंबर लावला. किनवटाच्या जंगलातलं गाव. रेंज नाही. पुन्हा लावला, रेंज नाही. वरच्या मजल्यावरून बाकं सरकल्याचा आवाज येत होता आणि मला तेवढ्यात नदी, रेल्वेचे रूळ, काय काय दिसून गेलं. मग एकदम रिंग वाजली.

"हाव, बोला. पंचफुलाबाई बोलून राहिले."

"मावशी, लातूरच्या क्लासमधून उजमा बोलते. राजकन्या..."

"हाय की. चुलीपुढं बसली. परवाच आली."

जीवात जीव आला. सरांनी तर भिंतीलाच डोकं टेकलं.

पण राजकन्याच्या आईचं बोलणं संपलं नव्हतं. "आली त्या सांजेला मेसेज आला, राजकन्या हजर. काल बी आला. पोरगी माझ्यापुढं भाकर खाऊन राहिली अन् तुमच्याकडं हजर! पयले आमी दोघं नवराबायको लई हसलो."

"चूक झाली मावशी. माफ करा."

"ते जाऊ द्या." त्यांचा आवाज बारीक झाला. "तिचा भाऊ बी तुमच्याकडंच हाय न्हवं, व्यंकट. पोरांच्या होस्टेलात. तुमी फोन ठिवू देत न्हाई लेकरांला. लई दिसात दिसला न्हाई, म्हणती राजकन्या. त्याचा बी मेसेज रोज येतो, हजर म्हणून. तो तरी हाय का वो तिथं?"

मी सरांकडे पाहिलं.

"फोन ठेवू नका मावशी," मी म्हटलं, "मी स्वतः बघून सांगते." आणि पोरं परीक्षेला बसली होती त्या वरच्या मजल्याकडे, जिन्यानं धावले.