तीस पोती दाणे

हवालदारबाईंच्या मैदानावर गवत उगवत नसे, कारण ते गवत नव्हतंच. हिरव्या प्लास्टिकच्या पात्या होत्या, आणि त्या उभ्या राहाव्यात म्हणून त्यांच्या बुडाशी जुने टायर दळून केलेले काळे दाणे पसरलेले. खेळाडूंच्या बुटांतून, मोज्यांतून, अगदी कानांतूनही ते निघत. बाई मैदानाच्या रखवालदार. चुकीचे बूट घालून आत शिरणाऱ्याला त्या अशा काही झापत की हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. दुसरं काम कडेला आलेले दाणे झाडून टाकायचं. कुठे, तर कडेच्या गटारात, जे पुढे तळ्याला मिळे. गटार जवळ होतं, क्लबच्या सचिवांनी पहिल्याच दिवशी तसं दाखवून दिलं होतं, आणि अकरा वर्षांत बाईंनी त्यावर एकदाही डोकं चालवलं नव्हतं.

दर वर्षी तीस पोती नवे दाणे येत. बाई ते फावड्याने पसरत आणि पुढचे चार दिवस कंबर धरून चालत. मैदान मात्र बोटभरही वर चढत नसे. आता एवढं सगळं जातं कुठे, हे कुणी विचारायचं? कुणीच नाही विचारलं.

विचारायला लावलं ते नणंदेनं. ती तळ्याकाठी मासे विकायची. एका सकाळी ती मैदानामागच्या खोलीत आली (ही खोली बाईंना नोकरीबरोबर मिळालेली) आणि तिने टेबलावर एक वाटी ठेवली.

"वहिनी, हे काय असेल हो? गिऱ्हाइकासमोर मासा चिरला आणि पोटातून हे निघालं."

बाईंनी एक दाणा चिमटीत धरून चुरडून पाहिला. तो चुरडेना. मग त्यांनी वास घेतला. तो वास रोज साबण लावूनही त्यांच्या हातांवरून जात नसे.

"मी पाणीखात्यात तक्रार केलीय," नणंद म्हणाली. "कुणाचं पाप आहे ते एकदा कळू दे."

"वन्सं, माझं आहे."

नणंद आधी हसली. वहिनी थट्टासुद्धा तोंड पाडूनच करायच्या. मग तिला कळलं की ही थट्टा नाही. "अगं बाई. तुमची नोकरी जाईल की. तक्रार मागे घेते मी."

"घेऊन तर बघा. या घरात पाऊल ठेवू देणार नाही."

तपासणीच्या दिवशी सकाळी सचिव आले. सोबत गटाराच्या तोंडावर बसवायची कोरी जाळी होती आणि टाइप केलेला कागद. गटारावर पहिल्यापासून जाळी आहे, दर आठवड्याला साफ होते, खाली रखवालदाराची सही. आवाजात नुसता मध. "बाई, दोन वर्षांत निवृत्ती तुमची. खोलीचाही विचार करा. उगाच कशाला नसती उठाठेव? आणि दाणे गेले असतील तर पावसाने गेले. पावसाला कोण काय करणार?"

"पावसाच्या हातात झाडू नव्हता, साहेब."

मध आटला. "झाडू तुमच्या हातात होता. तोंड उघडलंत तर आधी तुम्हीच अडकाल."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना सचिवांचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. अकरा वर्षं स्वच्छतेचा तोरा मिरवला आणि सगळा कचरा दुसऱ्याच्या पाण्यात लोटला. तोही कुणाच्या, तर सख्ख्या नणंदेच्या. त्यांनी कागदाची घडी घालून सचिवांच्या हातात परत दिली. सही केली नाही.

दुपारी पाणीखात्याच्या तपासनीस आल्या. बाईंच्या मुलीच्या वयाच्या, पण नजर करडी. सचिवांनी जाळी दाखवली आणि जाळीचं गुणगान सुरू केलं.

"रोजचं काम कसं चालतं?" तपासनीसांनी विचारलं.

सचिव बोलायच्या आत बाई वाकल्या, जाळी उचलून बाजूला ठेवली आणि झाडू घेतला. मैदानाची अख्खी कड त्यांनी रोजच्यासारखी झाडत आणली. गटाराच्या तोंडाशी घमेलंभर काळा ढीग जमला. तिथे त्या थांबल्या.

"इथून आत लोटायचं. अकरा वर्षं मीच लोटलंय. जाळी आज सकाळी आली. माझं नाव घालूनच लिहा. आणि दर वर्षीची तीस पोती गेली कुठे, ते साहेबांना विचारा, कारण मैदान आहे तेवढंच आहे."

तपासनीस लिहू लागल्या. सचिव लालबुंद झाले. "उद्यापासून कामावर येऊ नका. आठवड्यात खोली रिकामी करा."

"करते," बाई म्हणाल्या. त्यांनी ढीग ओंजळींनी पोत्यात भरला, तोंड आवळून बांधलं, आणि खेळाडू पिशव्या घेऊन आत येत होते त्या फाटकाकडे गेल्या. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी फाटकाला कुलूप घातलं.

"हे काय चाललंय?" सचिव ओरडले. "पाचला सामना आहे."

"मैदान खेळण्याजोगं आहे की नाही, ते रखवालदार ठरवतो. नियम क्लबचाच आहे, तुम्हीच लिहिलेला. माझी पाळी सहाला संपते, साहेब. तोवर मी रखवालदार आहे, आणि मैदान बंद आहे."