एवाल्डचा बिल्ला

रुफिनची खाणकामगाराच्या गणवेशाची टोपी एवाल्डच्या डोक्यात काही केल्या शिरेना. लुत्सियाने ती दोन्ही हातांनी दाबली, तसा काळ्या पिसांचा तुरा त्याच्या डोळ्यांवर आला.

“राहू दे वहिनी,” एवाल्ड म्हणाला. “ही घालायचा मला हक्क तरी काय? मी खाणीत एकदाच उतरलो, तेही फोटोपुरता. तोंडाला कोळसासुद्धा फोटोवाल्यानेच फासला.”

“माझ्या रुफिनला खांदा द्यायला माणूस हवाय. पाच झालेत. सहावा तूच हवास, असं तोच सांगून गेलाय.”

“पुढे कोण आहे?”

“हुबर्ट.”

एवाल्डने टोपी उतरवून तिच्या हातात दिली.

खाणीच्या फुटबॉल क्लबकडून तो चौदा वर्षं डावा बचावपटू म्हणून खेळला. पुढे धावून नाव कमवावं, असा त्याचा पिंडच नव्हता. समोरच्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम त्याने मान खाली घालून केलं. जन्मात गोल दोन, त्यातला एक स्वतःच्याच जाळीत. खेळून पगार घेणं तेव्हाच्या पोलंडमध्ये सरकारला मान्य नव्हतं, म्हणून कागदोपत्री तो खाणकामगार होता. खाली उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला घ्यायचा आणि वर आल्यावर परत टांगायचा. एवाल्डचा बिल्ला रोज रुफिन आपल्या खिशातून न्यायचा. ‘आज फार राबलास रे बाबा,’ असं संध्याकाळी वर त्याला चिडवायचा. यात त्या दोघांना किंवा मुकादमाला काही वावगं वाटत नसे.

मग एका बुधवारी खाली छत कोसळलं. दोन बिल्ले परत आले नव्हते. रुफिन बेशुद्ध सापडला, आणि ज्या मुकादमाला खरं ठाऊक होतं त्याची भीतीने वाचाच बसली. दुसऱ्या खाणीतून आलेली बचावतुकडी आणखी पाच तास एवाल्डला शोधत राहिली. त्यात तुकडीच्या म्होरक्याची, हुबर्टची, दोन बोटं दगडाखाली गेली. संध्याकाळी इस्पितळात पट्टी बांधून घेताना त्याने रेडिओवर ऐकलं, की वॉर्सामध्ये एवाल्डने डोक्याने चेंडू बाहेर काढून संघाची लाज राखली.

पुढे हुबर्ट याच गावात राहायला आला. एवाल्ड त्याला लांबून पाहिलं तरी रस्ता बदलायचा. गुडघा गेला, खेळ संपला, खाणही बंद पडली, पण माफी मागणं काही त्याला जमलं नाही. त्याची त्याला लाज वाटायची, आणि त्या लाजेपायीच तो आणखी लांब राहायचा.

चर्चच्या दारात हुबर्ट पूर्ण गणवेशात उभा होता. एवाल्ड साध्या कोटात, बोडक्या डोक्याने त्याच्यासमोर गेला.

“नको म्हणालात तर परत फिरतो,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी खाली नव्हतोच. तुमची बोटं गेली ती माझ्यापायी. मी तेव्हाच यायला हवं होतं.”

बाकीचे चौघे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

“पाच तास,” हुबर्ट म्हणाला. “हाका मारमारून घसा बसला माझा. मेल्या, एकदा ओ तरी द्यायचीस!”

हुबर्टने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“सापडलास म्हणायचा एकदाचा,” तो म्हणाला. “डावीकडे ये, माझ्या जोडीला. तुझी जागा तीच ना?”

बँड सुरू झाला. सहा जणांनी शवपेटी उचलून खांद्यावर घेतली. पहिल्याच पायरीला एवाल्डचा गुडघा लचकला. तसा पेटीखालून पलीकडचा हात आला आणि त्याने एवाल्डचा खांदा घट्ट धरला. तीनच बोटांचा होता तो. कबरीपर्यंत हुबर्टने तो काढला नाही.