न चाटलेलं बोट

वडिलांनी मध सोडला आणि त्यांची साखर वाढली.

लेकीला हे काही केल्या पटेना. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. कोणतेही विधान ती जणू चिमट्यात धरून उजेडाकडे फिरवून पाही, म्हणून घरात तिचे नावच चिमटा पडले होते. वडील मधमाश्या पाळत. सकाळी चमचाभर मध, आणि मध काढताना पोळ्याच्या दर चौकटीमागे एकदा बोट चाटणे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता. मधाने साखर वाढत नाही, उलट उतरते, असे ते छातीठोकपणे सांगत.

मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा लेकीने त्यांना समोर बसवले.

"बाबा, मधात ऐंशी टक्के साखरच असते. साध्या साखरेऐवजी थोडा मध घेतला तर किंचित फायदा होतो, असं काही अभ्यासांत दिसतं. पण त्यात 'ऐवजी' महत्त्वाचं. तुम्ही वरून खाता."

"हे माझ्या माश्यांना सांग."

"त्यांना मधुमेह झालेला नाही."

वडील हसले, मग गंभीर झाले आणि त्यांनी शब्द दिला: मधाचा थेंबही जिभेला लावणार नाही. लेकीने साखर मोजायचे छोटे यंत्र आणून दिले. स्पिरिटाच्या बोळ्याने बोट पुसायचे, टोचायचे, थेंब पट्टीला लावायचा, हे तिने स्वतः शिकवले. दुपारच्या जेवणाआधी, मध काढायच्या शेडवरच, मोजून आकडा वहीत लिहायचा, असे ठरले.

आकडे आले ते दोनशे नव्वद, तीनशे दहा, तीनशे चाळीस. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, महिन्याने पुन्हा वाढवल्या. शेवटी इन्सुलिन सुरू करायचे ठरले.

"दिवसभर मधात हात घालून बसलेला माणूस तोंड कोरडं ठेवील होय?" आई जेवताना लेकीला म्हणाली. "आणि तू म्हणे शास्त्रज्ञ!"

वडिलांचा घास हातातच राहिला. "चाळीस वर्षं संसार केलास माझ्याशी. आता दीड वितीच्या यंत्राच्या सांगण्यावरून मी चोर?"

त्यांनी लेकीकडे पाहिले. तिने पाण्याचा पेला उचलला. तिचाही विश्वास यंत्रावरच होता, आणि ते त्यांना कळले.

इन्सुलिनच्या आदल्या दिवशी सकाळी तिने दंडातून त्यांचे रक्त घेतले आणि प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी लावली. उत्तर आले सहा पूर्णांक एक. म्हणजे सरासरी साखर एकशे तीसच्याही आतली. तिने तपासणी पुन्हा लावली. पुन्हा सहा पूर्णांक एक. वही आणि हा आकडा, दोन्ही खरे असणे शक्य नव्हते. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी थेट वडिलांच्या शेडवर गेली.

वडील चौकटीवरचे मेणाचे पांढरे पापुद्रे सुरीने उतरवत होते. कोपऱ्यातल्या मधयंत्रातून मध एकसंध, आवाज न करता बादलीत उतरत होता. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"आलात, तपासनीस? झडती घ्यायची असेल तर घ्या."

"माझ्यासमोर मोजा, बाबा."

त्यांनी कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसला, स्पिरिटाचा बोळा फिरवला, बोट टोचले. तीनशे बावन्न.

लेक आकड्याकडे नव्हे, फडक्याकडे पाहत होती. "हा फडका पूर्वी नव्हता."

"पूर्वी कशाला लागेल? बोट चाटायचो ना. शब्द दिला तेव्हापासून पुसतो."

ती खालच्या स्टुलावर बसली. साखर पाण्यात झटकन विरघळते, स्पिरिटात जवळजवळ नाहीच. हे ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकली होती, आणि मधात काम करणाऱ्या माणसाच्या हातात तिनेच स्पिरिटाचा बोळा दिला होता. तो बोळा मध काढत नव्हता, सारवत होता.

तरी ती चिमटा होती. तिने स्वतःचे बोट चौकटीला लावले, फडक्याला पुसले, स्पिरिट चोळले, टोचले. तीनशे सत्त्याऐंशी. नळाखाली साबणाने हात धुतले, दुसरे बोट टोचले. ब्याण्णव.

मोहरीच्या दाण्याचा शंभरावा भाग मध, डोळ्याला न दिसणारा, एवढी उलथापालथ करू शकत होता, कारण रक्तात साखर असतेच मुळी इतकी थोडी. पाच लिटर रक्तात जेमतेम एक सपाट चमचा. माणूस जेवो, उपाशी राहो, धावो, झोपो, शरीर तो एक चमचा जन्मभर तोलून धरते. हे गणित तिने कितीदा केले होते. आज पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला.

"बाबा, साबणाने हात धुवा."

धुतलेल्या बोटाने आकडा दिला अठ्ठावन्न, धोक्याइतका कमी.

म्हणजे तो घाम उकाड्याचा नव्हता. वाढवलेल्या गोळ्या नसलेली साखर उतरवत होत्या. यावर उद्या इन्सुलिन टोचले असते. तिने पुढचा विचार थांबवला, मोठा चमचा बादलीत बुडवला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला.

त्यांनी मान फिरवली. "शब्द दिलाय."

"मला दिलाय ना? मग पंधरा मिनिटांपुरता मी तो परत करते. औषध म्हणून घ्या."

"मध औषध! हे तू म्हणतेस?"

"आत्तापुरतं. बाबा, घ्या ना!"

तिचा आवाज चिरकला, तसे त्यांनी निमूट तोंड उघडले. डोळे मिटले. कित्येक महिन्यांनी चव जिभेवर आली होती.

तिने डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले. इन्सुलिन रद्द झाले, गोळ्या लगेच कमी झाल्या. पंधरा मिनिटांनी आकडा आला सत्त्याण्णव. घाम वाळला होता.

"बाबा, चूक माझी होती. तुम्ही चाटलं असतंत तर बोट एवढं बरबटलं नसतं. ते सगळे आकडे..." तिने चमचा बाजूला ठेवला. "तुम्ही शब्द पाळत होतात, त्याचेच होते ते."

"आईला सांग हे," ते म्हणाले. "जेवतानाच सांग."

चमच्याच्या खोलगटात मधाचा पातळ थर राहिला होता. वडिलांनी तो उजेडाकडे फिरवून क्षणभर पाहिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पंधरा मिनिटे होऊन गेली होती. ते उठले, नळ सोडला, आणि चमचा धुऊन टाकला.