इंजिन निवेपर्यंत

डोंगरापलीकडे एक बाई बाळंतपणात अडली होती. घाटात धुकं उतरायच्या आत हेलिकॉप्टरने जाऊन तिला आणायचं, असा निरोप येताच तळावर एकच धावपळ उडाली. सगळ्यांत पुढे मेकॅनिक होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचा पायलटसुद्धा.

तिने इंजिनावरची, पंख्याखालची, धुराड्यावरची, मागच्या जाळीवरची अशी सगळी लाल झाकणं भराभर ओढून एका कवेत घेतली, आणि तिच्या पायाशी एक वाळकी काडी पडली.

जमिनीवरची असती तर वाऱ्याने आली म्हणून तिने सोडून दिली असती. पण ही झाकणातून पडली होती. कुठल्या झाकणातून, ते देव जाणे. तिने बॅटरी पाजळून इंजिनाची दोन्ही तोंडं पाहिली. लख्ख. समोर दिव्याच्या खांबावर एक साळुंकी चोचीत गवत धरून येरझाऱ्या घालत होती.

पायलट आत बसला होता, डॉक्टरीणबाईंनी पट्टा आवळला होता. घाटाच्या तोंडाशी पांढरं काहीतरी हलायला लागलं होतं. एकेक पत्रा उघडून शोधायचं म्हटलं तर दुपार व्हायची.

"काका, इंजिन लावू नका. खाली उतरा, सगळेच मागे या."

"म्हणजे आता पाखराला विचारून उडायचं?"

"हो."

काकांचं तोंड फटकळ, पण तिच्या शब्दाशिवाय ते मशीनला हात लावत नसत. ते उतरले. तिघंही शेडच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. एवढी घाई, आणि करायचं काय, तर काहीच नाही! डॉक्टरीणबाईंनी ओठ चावून लाल केला.

साळुंकीने मान तिरकी केली. शेपटीवर उतरली. घरमालकासारखी ऐटीत चालत पुढे आली आणि मोठ्या पंख्याखालच्या फटीत गडप झाली. काकांनी ताईचं कोपर गच्च धरलं.

ताई शिडी चढली, पत्रा सोडवला. आत टोपलीभर गवत, सुतळी, चॉकलेटची चांदी. गवतातून दुसरी साळुंकी सुटली ती तिच्या कानाला चाटून गेली. रात्रभर कोंडलेली बिचारी! दोघी शिव्या घालत उडाल्या, आणि ताईला लख्खकन उमगलं. गरम इंजिनावर झाकण घातलं की कापड करपतं, म्हणून ते निवेपर्यंत थांबायचं असतं. काल तेवढ्या वेळात तिने लेकीचे बोबडे बोल ऐकायला घरी फोन लावला होता. तेवढ्यात पाखरांनी संसार मांडला, आणि तिने स्वतःच्या हाताने वरून दार लावून घेतलं.

तिने मुठी भरभरून गवत उपसलं, आतल्या नळीच्या टोकापर्यंत बोटं फिरवली, शेवटची काडी चिमटीत धरून काढली. पत्रा बसवला, स्क्रू आवळले, परत एकदा आवळले. मग अंगठा वर केला.

पंखा गरगरला. धुक्यात अजून एक निळी खिडकी उरली होती. तिच्यातून हेलिकॉप्टर सुळकन पलीकडे गेलं. ताई मात्र आभाळाकडे बघत जागच्या जागी उड्या मारत राहिली, लहान पोरीसारखी.

परत उतरलं तेव्हा ती लांब झाडू घेऊन तयार होती. इंजिन तापलेलं, आणि साळुंक्या खांबावर हजर. स्ट्रेचर तिच्या पाठीमागून गेलं. त्यावरून एक बारीक, संतापलेलं रडणं ऐकू आलं.

"ताई, मुलगी झाली. वाटेतच, वर," डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या. "बघायला ये."

तिचे पाय शिवशिवले, पण ती हलली नाही. नजर खांबावर, झाडू हातात. डोळे मात्र भरून आले होते, त्यामुळे दोनाच्या चार साळुंक्या दिसत होत्या.

काकांनी हेल्मेट काढून खाली ठेवलं आणि तिच्या हातातला झाडू घेतला.

"जा, बघून ये. निवेपर्यंत मी आहे इथे."

ती निघाली. चार पावलांवर वळून म्हणाली, "वरच्या फटीवरची नजर काढू नका हं." आणि मग जी पळत सुटली!