सोळा टक्क्यांची आई

माझ्या यकृतात सोळा टक्के चरबी निघाली. ती दहाच्या आत आल्याशिवाय ते यकृत माझ्या मुलीच्या कामाचं नव्हतं. डॉक्टर गायधनींनी हे इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की आधी मला वाटलं काहीतरी चांगलंच सांगताहेत. मग त्यांनी मुदत सांगितली. सहा आठवडे. "तेवढे दिवस दिशा काढेल असं धरून चालू," ते म्हणाले.

दिशा माझी मुलगी, सात वर्षांची. यकृतातून पित्त वाहून नेणारी नळी तिला जन्मतःच धड नव्हती. दोन महिन्यांची असताना ऑपरेशन झालं, त्यावर तिने इतकी वर्षं काढली, पण आता यकृत कडक होऊन गेलं होतं. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. आणि खाज. सगळ्यात वाईट ती खाजच. मी तिची नखं कापून हातांत मोजे घालून ठेवायचे, तर ती मोज्यांसकट खाजवायची. तिला जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा बसवायचा होता. माझा नवरा आल्हाद, त्याचा रक्तगट जुळेना. सासूबाई चौसष्टच्या, त्या वयात बसेनात. उरले मी, चौऱ्याहत्तर किलोंची.

मी आठवीला विज्ञान शिकवते. यकृत ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, हे वाक्य मी पंधरा वर्षं मुलांकडून घोकून घेतलं आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून पंधरा वर्षं चिवडा आणि भजी खाल्ली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आता त्यातला एकेक घास मला आठवत होता. कुठल्या भज्याने माझ्या मुलीच्या वाटणीचं यकृत नासवलं, असले विचार मी वर्गात उभी राहून करायचे आणि पोरं माझ्याकडे बघत बसायची.

डॉक्टरांनी दिलेला तक्ता फ्रिजवर चिकटवला. उकडलेला दुधी, अर्धी भाकरी, मूग, ताक. सकाळ-संध्याकाळ कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या. ओळखीच्या बायका म्हणायच्या, "काय गं, कुणाचं लग्न ठरलंय का घरात?" मी हसून पुढे जायचे. थांबले असते तर तिथेच बसून रडले असते.

घरात सासूबाईंचे उपास सुरू झाले होते. नातीसाठी सोमवार, नातीसाठी चतुर्थी, नातीसाठी एकादशी. आणि प्रत्येक उपासाची साबुदाण्याची खिचडी तुपात न्हालेली, वर दाण्याचा कूट. ती ताटली घेऊन त्या माझ्यामागे घरभर फिरायच्या. "एक घास घे गं. दिशाच्या नावाचा आहे."

"आई, दिशाच्या नावाचाच नको आहे मला! एकादशी अन् दुप्पट खाशी, तसलं चाललंय तुमचं."

त्या ताटली झाकून ठेवायच्या. माझी जीभ फार चालायची त्या दिवसांत, कारण ती थांबली की आत भीती बोलायला लागायची.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. पाच किलो उतरले होते, चरबी मात्र फक्त तेरावर आली होती. अर्धी मुदत संपली आणि माझं निम्मं कामही झालं नव्हतं. त्याच दिवशी दिशा जिन्यात बसली. पहिल्या मजल्यावर आमचं घर, तरी ती चौथ्या पायरीवर बसून म्हणाली, "आई, मी नंतर येते." मी तिला उचललं. पोट तेवढं जड आणि बाकी अंगाला काही वजनच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे भाऊ, शामसुंदरमामा, त्र्यंबकेश्वराहून दिशाला बघायला आले. तिथे ते यात्रेकरूंच्या पूजा सांगतात, त्यामुळे त्यांच्याकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर कुणीतरी सांगितलेलं काहीतरी असतं. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. कसल्या कसल्या मुळ्या आणि साली होत्या. "चरबी लोण्यासारखी वितळते म्हणे. ज्याने दिलं त्याने शपथेवर सांगितलंय."

"मामा, मी विज्ञानाची बाई आहे," मी सगळ्यांसमोर म्हटलं. आल्हाद हसला. मामाही हसले आणि पुडी ओट्यावर तशीच राहिली.

सकाळी सगळे उठायच्या आत मी ती उघडली. दोन भांडी पाणी, उकळून अर्धं. इतकं कडू की कान बधिर झाले. भांडं घासून पालथं घातलं, खिडकी उघडून वास घालवला आणि जॉगिंग ट्रॅकवर गेले. मला माहीत नव्हतं का, की त्यात काय आहे ते मला माहीत नाही? होतं. पण चौथ्या पायरीवर बसलेली पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती. वीस दिवस मी तो काढा घेतला. शेवटी शेवटी अन्नावरची वासनाच गेली, त्याचाही मला आनंद झाला.

सहा आठवडे पूर्ण झाले. आल्हाद, सासूबाई आणि मी डॉक्टरांपुढे बसलो. चरबी नऊ टक्के! आल्हादने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. पण डॉक्टर हसत नव्हते. रक्ताच्या तपासणीचा कागद त्यांनी पुढे सरकवला. यकृताला सूज आली की जो आकडा वाढतो, तो चाळीसच्या आसपास हवा होता. माझा चारशे बारा होता.

"कावीळ वगैरे सगळं तपासलं, काही नाही. तुम्ही औषध घेतलंत काही?"

"नाही."

"काढा, चूर्ण, वजन उतरवायची पावडर?"

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ती कसलं घेतेय डॉक्टर? माझा प्रसादसुद्धा घेत नाही."

"छे," मी म्हटलं.

माझं धाबं दणाणलं होतं, पण तोंडातून गेलेलं परत घ्यायचं कसं? दोन्ही बाजूंना माझी माणसं, दोघांचाही माझ्यावर विश्वास. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग त्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, हे मला प्रत्येक दात्याला विचारावं लागतं," ते म्हणाले. "तुम्हाला द्यायचं नसेल तर आत्ता सांगा. कारण विचारणार नाही. मी बाहेर जाऊन सांगेन की रिपोर्टमध्ये बसत नाही. घरात कुणालाही, कधीही कळणार नाही."

आणि एक श्वासभर मला बरं वाटलं.

हे मी अजून आल्हादलाही सांगितलेलं नाही. पोट चिरणार, आतलं कापून काढणार, क्वचित दातासुद्धा दगावतो, हे सगळं मी सही करताना वाचलं होतं आणि वाचून घडी घालून ठेवलं होतं. तेवढ्या एका श्वासात ती घडी उघडली. कुणाला कळणार नाही. मी घरी जाईन, सगळे म्हणतील, बिचारीने किती केलं.

मग मला उमगलं की त्यांना काय वाटतंय. त्यांना वाटतंय, मीच मुद्दाम काहीतरी घेऊन रिपोर्ट बिघडवलाय. द्यायचं नाही म्हणून.

"मी काढा घेतला," मी म्हटलं. "वीस दिवस. लवकर चरबी उतरावी म्हणून घेतला हो! मला द्यायचंय. तिला दुसरं कुणी नाही." मी टेबलाची कड धरून बोलत होते आणि आवाज कसाही फाटत होता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय होतं त्यात?"

"माहीत नाही."

"मग मलाही नाही. आजपासून बंद. तीन आठवडे थांबू. आकडा खाली आला तर बघू."

"आणि तोवर दिशा?"

त्यांनी एका चिठ्ठीवर स्वतःचा मोबाईल नंबर लिहून दिला. रक्ताची उलटी झाली, काळी शी झाली, तर वेळ बघायची नाही, फोन करायचा. एवढंच बोलले.

बाहेर येऊन मी दोघांना सगळं सांगितलं. आल्हाद गाडी आणायला म्हणून गेला आणि गाडीपाशी पाठ करून उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "मला तरी सांगायचंस."

"तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्या साबुदाण्याला हसत होते मी."

"हसत होतीस तर हसायचं. साबुदाण्याने कुणाचं यकृत सुजलं नाही," त्या म्हणाल्या आणि पदराने माझंच तोंड पुसलं.

ते तीन आठवडे कसे गेले ते मला सलग सांगता येत नाही. मी शाळेतून रजा घेतली आणि दिशाशेजारी बसून राहिले. ती झोपली की श्वास बघायचा, उठली की डोळे बघायचे. ती खोकली तरी मी चिठ्ठी शोधायचे. करायला गेले एक आणि झालं एक, असं लोक सहज म्हणतात. माझं झालेलं माझ्यासमोर पिवळं होत चाललं होतं.

पंधराव्या दिवशी दुपारी ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघत होती. उठून बसली, म्हणाली, "कसंतरी होतंय," आणि ओकली. सासूबाईंच्या फिकट निळ्या साडीवर सगळं लाल. इतक्याशा पोरीत एवढं रक्त असतं? मी किंचाळले नाही. फोन लावला, तिला उचललं, रिक्षात बसले. रिक्षावाल्याने वळून एकदा बघितलं आणि मग सिग्नल बघितले नाहीत. ती सारखी म्हणत होती, "आजीची साडी खराब झाली." मी म्हणत होते, "धुऊ आपण." माझे दात वाजत होते आणि तिला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंड तिच्या केसांत खुपसलं होतं.

दुर्बिणीने आतल्या फुगलेल्या शिरा बांधल्या. चार दिवस ती आयसीयूत होती. वाचली. बाहेरच्या बाकावर आल्हाद मला म्हणाला, "काढा नसता, तर एव्हाना ऑपरेशन होऊन गेलं असतं तिचं." एकदाच म्हणाला, पुन्हा नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी माझा आकडा अडतीस आला. चरबी आठ. गुरुवार ठरला. बुधवारी सकाळी नियमाप्रमाणे डॉक्टरांनी मला पुन्हा एकटीला आत बोलावलं आणि तेच विचारलं.

"घाबरलात?"

"खूप."

"अजूनही नाही म्हणता येईल."

"नाही म्हणायचं नाही," मी सांगितलं. या वेळी बरं वाटायला तेवढा एक श्वाससुद्धा मिळाला नाही.

दिशा खाटेवर बसली होती, हातांत मोजे. "काय विचारलं गं तुला आत?"

"तुला यकृताचा तुकडा द्यायचाय का, असं विचारलं."

"मला नाही कुणी विचारलं."

"तुला काय विचारायचं?"

"हवाय का म्हणून."

मला हसू आलं. "बरं, मी विचारते. हवाय का?"

तिने हातातला मोजा ओढून नीट केला. "तू उरणार असलीस तर."

मी लगेच तिला यकृत कसं पुन्हा वाढतं ते सांगायला लागले. अगदी वर्गात सांगते तसं, हातवारे करून. ती ऐकत राहिली आणि माझं संपल्यावर म्हणाली, "ते नाही विचारलं मी."

हो म्हणायला काय जात होतं माझं? कुठलीही आई म्हणाली असती. पण मी एकदा "छे" म्हटलं होतं आणि त्याचं काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. "डॉक्टर म्हणतात, उरेन," मी म्हटलं. "बहुतेक सगळे उरतात. पण मला भीती वाटते, दिशा. खूप वाटते."

ती मागे सरकली. "मग मला नको."

"नको म्हणजे? नको कसा?" मी ओरडले. "घ्यावाच लागेल! ऐकतेस का? घ्यायचाच तो!" इतक्या जोरात ओरडले की नर्स धावत आली आणि शेजारच्या खाटेवरचं मूल रडायला लागलं. सात वर्षांत तिच्यावर मी अशी कधी ओरडले नव्हते.

दिशाने माझ्याकडे बघितलं आणि मोजा घातलेल्या हाताने माझे डोळे पुसले.

"बरं, घेते," ती म्हणाली. "पण ओरडू नकोस."