काकांचा बार

फाल्गुनातल्या दुपारी मुलुंडच्या आमच्या गावठाणात ऊन सरळ ओट्यावर उतरतं, आणि परातीत मांडलेल्या पितळी काडतुसांना ते लागलं, की बाळूकाकांच्या हनुवटीवर पिवळा उजेड पडतो. माझ्या मनातले काका कायम त्या उजेडातच बसलेले असतात. पाय पसरलेले, चष्मा कपाळावर, आणि भोवती गंधकाचा तो उग्र, काहीसा नासक्या अंड्यासारखा दर्प, ज्याला ते निर्विकारपणे देवीचा वास म्हणतात. काकू मात्र दार लावून घेते.

टॉवर उभे राहण्याआधी इथे भातशेती होती आणि डोंगरातून रानडुकरं उतरत, म्हणून आजोबांनी बंदूक घेतली. शेतं गेली, डुकरं गेली. बंदूक उरली ती गावदेवीच्या पालखीपुरती. चैत्रात पालखी देवळाबाहेर पडते, तेव्हा पहिला बार आमच्या घराचा. त्यात छर्रे नसतात, असतो केवळ नाद. सलग दोन वर्षं बार फुसका गेला, तर मान दुसऱ्या आळीत जातो, अशी गावची रीत आहे.

त्या बाराला विकतचं काडतूस चालत नाही. वापरलेली पितळी नळी चिंचेने घासून, उन्हात वाळवून काका तीच पुन्हा भरतात. बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत बंदुकीची काळी दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती. या चकत्या जुन्या लग्नपत्रिकांतून कापल्या जातात, मात्र त्यांवरचा गणपती काका आधी कात्रीने अलगद सोडवून देव्हाऱ्यात ठेवतात. त्यामुळे गावातल्या बहुतेकांचे शुभमुहूर्त आमच्या बंदुकीतून आकाशात गेलेले आहेत. लाकडी दांड्याने चकती दाबताना खालची दारू करकरते, आणि ती सूक्ष्म करकर शांत झाली, की आत पोकळी उरली नाही असं समजायचं. काका माप घेतात खरं, पण भिस्त त्यांची कानावर.

आणि कानच गेले. पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीत यंत्रांनी त्यांचं ऐकणं इतक्या सावकाश नेलं, की त्यांना स्वतःलाही पत्ता लागला नाही. गेल्या चैत्रात त्यांनी चाप ओढला आणि नळीतून नुसता मरगळलेला धूर बाहेर आला. पालखी जागीच थबकली. कुणीही हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्यानंतर काका चारचौघांत बसेनासे झाले. मला त्यांची दया येई, आणि दया येते याचा रागही.

यंदा परातीपलीकडे वैशाली बसली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, मालाडला ऑफिसात जाणारी. बंदुकीचा परवाना आता तिच्या नावावर आहे. काकांनी दांडा तिच्या हाती दिला आणि तिच्या मनगटावर बोटं ठेवली, वैद्याने नाडी पाहावी तशी.

"ऐकू येतं का गं?"

"येतंय अजून," ती त्यांच्या कानाशी ओरडली. "बाबा, आणखी दाबू ना?"

"मला काय विचारतेस? ते थांबलं की तू थांब."

ती वाकून ऐकत राहिली आणि ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने तिचा हात थांबला, तेव्हा काकांनी आपली बोटं उचलून घेतली आणि हात पुसले.

पालखीच्या सकाळी वैशालीने बंदूक आकाशाकडे रोखली. काका तिच्या शेजारी थांबले नाहीत. गर्दीकडे पाठ करून, डोळे मिटून, ते देवळाच्या पायरीवर हात जोडून उभे राहिले. बार झाला. टॉवरांच्या भिंतींवरून तो घुमत परत आला, कबुतरं उधळली, भोयांनी पालखी खांद्यावर घेतली. पण ढोलांच्या हादऱ्यात बाराचा हादरा निराळा ओळखणं काकांना शक्य नव्हतं. ते तसेच उभे होते. वैशालीने दंडाला धरून त्यांना वळवलं, तेव्हा त्यांनी हलकेच विचारलं,

"वाजला का?"

तिने मान डोलावली, आणि त्यांनी ते मानलं. काळ माणसाचं एकेक इंद्रिय काढून नेतो आणि आयुष्यभर जपलेली गोष्ट अखेर दुसऱ्याच्या होकारावर सोपवून जातो. काकांनी न ऐकलेला तो बार त्यांच्या स्मरणात मात्र, मला वाटतं, त्यांनी स्वतः उडवलेल्या सगळ्या बारांहून मोठा घुमत असेल.