कबुलीचा कागद

पाच महिने लातूरच्या जेलात काढून नागुबाई त्या दिवशी घरी जायची होती. लेक सिंधु देगलूरहून येऊन फाटकाबाहेर बसली होती. जेलातच अदालत भरली होती. गुन्हा कबूल करा, भोगली तेवढी शिक्षा पुरे, चला घरी! ही युक्ती ज्यानं काढली त्याच्या पाया पडावं का कान पिळावा, कळत नाही.

गुन्हा काय, तर लातूरच्या अनंतरावांच्या घरची सोनसाखळी. नऊ वर्षं नागुबाईनं तिथं भाकरी थापल्या. साखळी हरवली त्या दिवशी घरात बाहेरची ती एकटीच. झालं, चोर ठरली! ठाण्यात जबाब लिहिला, तिनं मुकाट अंगठा उठवला. शिकलेली माणसं खोटं कशाला लिहितील, असं तिला वाटलं. भोळी बाई!

सरकारी खर्चानं दिलेले वकील आलोक घाईत होते. त्यांनी कागद आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. "मावशी, अंगठा द्या. संध्याकाळी देगलूरला पोचाल."

"आधी वाचू द्या."

आलोक हसले. पण जेलात शिकवायला येणाऱ्या विशाखाबाई चार महिने रोज दुपारी बायकांच्या बराकीत लिहाय-वाचायचा वर्ग घेत होत्या, ते काय उगाच? नागुबाई बोट ठेवून अक्षरं लावत गेली. जजसाहेबांनी घड्याळ पाहिलं. पाहू देत! तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"'मी साखळी चोरली.' हे कोन म्हनलं?"

"नुसती पद्धत आहे, मावशी. सुटायचंय ना?"

"लई सुटायचंय. पन चोर होऊन न्हाई."

जजसाहेब समजुतीनं म्हणाले, "बाई, मग खटला चालेल. वर्षही जाईल. विचार करा."

तिनं कागद परत सरकवला. "चालवा, साहेब. साखळी माझ्याजवळ कुठं घावली, विचारा अनंतरावांना. मला बी ऐकायचंय."

मुलाखतीच्या जाळीआडून सिंधु कडाडली, "माय, एक अंगठा दिला असता तर तुझं काय झिजलं असतं?"

"एकदा न वाचता दिला, तवाच तर हितं आले. आता न्हाई देनार."

सिंधुनं पदरानं डोळे पुसले.

"तारीख कवाची हाय? अनंतरावांच्या दारावरूनच जाते. कोर्टात या म्हनून मीच सांगते त्यांना."